फोन आणि संगणक व्हायरस-हॅकरपासून सुरक्षित कसे ठेवावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत किंवा नातेवाइकांत कुणाचा फोन अथवा संगणक बिघडला की तो बहुधा माझ्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत बिघाडापेक्षा फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या आहेत आणि प्रश्नही जवळजवळ तेच असतात, म्हणून ते उत्तरांसह एकत्र लिहून काढले आहेत. ज्यांच्या खात्यातून नुकतेच पैसे गेले आहेत किंवा ज्यांच्या फोनमध्ये संशयास्पद ॲप आत्ताच शिरले आहे, त्यांनी हे वाचन बाजूला ठेवावे आणि आधी दुसऱ्या एखाद्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावावा.

व्हायरस, मालवेअर आणि हॅकर हे सगळे एकच का?

नाही. अपाय करण्याच्या हेतूने लिहिलेल्या कोणत्याही प्रोग्रामला मालवेअर म्हणतात. व्हायरस हा त्यातला एक प्रकार असून तो दुसऱ्या फाइलला किंवा डिस्कला चिकटून पसरतो. हॅकर हा मात्र माणूस असतो. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पद्धतीच्या पर्सनल काँप्युटरवर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीतून पसरत असे आणि त्या भावांनी त्यात स्वतःचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला होता. आजच्या मालवेअरचे सगळे कसब स्वतःला लपवण्यात असते, कारण त्यामागचा हेतू थेट पैशांचा आहे. बोलताना लोक सगळ्यालाच व्हायरस म्हणतात आणि त्याने फारसे बिघडत नाही.

माझ्याकडे चोरण्यासारखे काय आहे? माझ्यामागे कोण लागणार?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक जण पेन्शनवर जगणारे किंवा छोटे दुकान चालवणारे असतात. आपल्यामागे नाव घेऊन कुणी लागलेले नसते, हे खरे आहे. चोर एकच संदेश हजारो क्रमांकांवर पाठवतो आणि जो गळाला लागेल त्याच्याकडे वळतो. बँक खाते रिकामे असले तरी आपला व्हॉट्सॲप क्रमांक त्याच्या कामाचा असतो, कारण त्यावरून आपल्याच भावाला किंवा मैत्रिणीला 'तातडीने वीस हजार हवे आहेत' असा निरोप पाठवता येतो आणि तो निरोप आपला समजून ते पैसे देतात. आपल्या आधारकार्डाच्या फोटोवरून कर्ज उचलण्याचा प्रयत्न होऊ शकतो. आपला संगणक आपल्या नकळत दुसऱ्यांवर हल्ले करण्यासाठी जुंपता येतो. थोडक्यात, आपण सावध राहिलो नाही तर त्याची झळ आपल्या माणसांनाही बसते.

मोबाइलमध्ये मालवेअर शिरते तरी कसे?

अँड्रॉइड फोनच्या बाबतीत मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांचे उत्तर एकच आहे : एपीके फाइल. अँड्रॉइडचे ॲप ज्या पुडक्यात बांधलेले असते त्याला एपीके म्हणतात. प्ले स्टोअरमधून ॲप घेताना हे पुडके दिसत नाही, पण कुणी ते व्हॉट्सॲपवर पाठवले तर ते साध्या फाइलसारखे दिसते, आणि त्याचे नाव मोठ्या हुशारीने ठेवलेले असते. वाहनाचे ई-चलन, लग्नाची पत्रिका, वीजबिल, बँकेची केवायसी, शेतकरी सन्मान निधीची यादी, गॅसची सबसिडी अशी नावे मी स्वतः पाहिली आहेत.

शेजारच्या इमारतीतल्या एका काकांचे उदाहरण सांगतो. त्यांच्या शाळेतल्या मित्राच्या क्रमांकावरून संध्याकाळी एक फाइल आली. वर गणपतीचे चित्र, खाली 'लग्नाला अगत्याने यावे' एवढाच मजकूर, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे. मित्राच्या मुलीचे लग्न ठरले असेल असे समजून त्यांनी फाइल उघडली. 'अज्ञात स्रोताकडून आलेले ॲप' असा इशारा फोनने दिला, तेव्हा त्यांनी परवानगी देऊन टाकली. मग त्या ॲपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली, तीही मिळाली. पत्रिका काही उघडली नाही आणि ॲपचे चिन्हही पडद्यावरून नाहीसे झाले, म्हणून त्यांनी विषय सोडून दिला. रात्री त्यांच्या बँकेचे ओटीपी येत होते, पण ते वाचत होता दुसराच कुणीतरी. मित्राचा फोन आधीच त्याच मार्गाने ताब्यात गेला होता आणि त्याच्या संपर्कयादीतल्या सगळ्यांना तीच पत्रिका गेली होती.

फोनने दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा आतूनच कडी काढली गेली, ही यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे. म्हणून नियम एकच पाळावा : पाठवणारा कितीही ओळखीचा असो, नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल उघडायची नाही. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, तिला ॲप होण्याचे काहीच कारण नाही. वाहनाच्या दंडाबद्दल शंका असेल तर सरकारच्या परिवहन संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून गाडीच्या क्रमांकावरून ती तपासता येते. सेटिंग्जमध्ये 'अज्ञात ॲप इन्स्टॉल करणे' या नावाची एक यादी असते. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर यांच्यापुढची परवानगी बंद आहे का, हे आजच पाहून घ्यावे.

अशी फाइल चुकून इन्स्टॉल झालीच तर काय करावे?

सर्वांत आधी फोनचे इंटरनेट तोडावे. मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करून फोन विमान मोडमध्ये टाकावा, म्हणजे आतले ॲप बाहेर काही पाठवू शकत नाही. फोन बंद करून ठेवला तरी चालेल. त्यानंतर घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेच्या अधिकृत क्रमांकावर कळवून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्डे थांबवावीत. बँकेचा क्रमांक गुगलवर शोधू नये, कारण तिथे बनावट 'ग्राहक सेवा' क्रमांक पेरलेले असतात. तो पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३०.

मग ॲप काढण्याकडे वळावे. काही ॲप साध्या पद्धतीने निघत नाहीत, कारण त्यांनी 'डिव्हाइस ॲडमिन' किंवा 'ॲक्सेसिबिलिटी' ही परवानगी मिळवलेली असते. ॲक्सेसिबिलिटी ही सोय मुळात दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. तिच्यामुळे ॲपला पडद्यावरचे सगळे वाचता येते आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात, म्हणून चोरांची तिच्यावर नजर असते. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचे बटण दाबून धरल्यावर येणाऱ्या 'पॉवर ऑफ' या पर्यायावर बोट दाबून ठेवले, की सेफ मोडचा पर्याय मिळतो. त्या मोडमध्ये बाहेरून घेतलेली ॲप चालत नाहीत. तिथे आधी या दोन्ही परवानग्या काढाव्यात आणि मग सेटिंग्जमधील ॲपच्या यादीतून ते काढून टाकावे. नाव ओळखता येत नसेल, तर चिन्ह नसलेले किंवा नुकतेच आलेले ॲप शोधावे.

तरीही माझा सल्ला असा आहे, की संदेश वाचण्याची परवानगी दिली गेली असेल तर फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढून फोन फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे आतले सगळे पुसून तो नव्यासारखा करावा. दोन तास जातात, पण मनात शंका उरत नाही. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड त्यानंतर बदलावेत. ते त्याच फोनवर आधी बदलले, तर नवे पासवर्डही चोराच्या हाती जातात.

आयफोनला व्हायरस लागत नाही, हे खरे का?

आयफोनवर बाहेरची फाइल उघडून ॲप बसवणे सहज शक्य नसते, त्यामुळे वर सांगितलेला प्रकार तिथे सहसा घडत नाही. मात्र बनावट बँक संकेतस्थळावर स्वतःच्या हाताने पासवर्ड भरणे, ओटीपी सांगणे किंवा गुंतवणुकीच्या खोट्या ॲपमध्ये पैसे टाकणे हे कोणत्याही फोनवर सारखेच घडते, आणि आयफोन आहे म्हणून निर्धास्त राहिलेली माणसेही त्यात सापडलेली मी पाहिली आहेत.

अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज आहे का?

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असते, ते फुकट आहे आणि घरगुती वापराला पुरेसे आहे, असे माझे मत आहे. अट एवढीच, की ते चालू असावे आणि विंडोज अद्ययावत असावी. दुकानातल्या संगणकावर दिवसभर ग्राहकांचे पेन ड्राइव्ह लागत असतील, लहान मुले संगणक वापरत असतील किंवा अडचण आली की मराठीत बोलणारे कुणीतरी हवे असेल, तर विकतचे घेण्यात गैर नाही. पुण्यात कॅलक्युलेटर आणि संगणक दुरुस्तीच्या कामातून उभी राहिलेली क्विक हील ही कंपनी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि तिच्याशिवाय इतरही चांगले पर्याय आहेत. दोन अँटिव्हायरस मात्र एकाच संगणकावर ठेवू नयेत, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंद होतो.

अँड्रॉइडवर प्ले प्रोटेक्ट ही तपासणी प्ले स्टोअर ॲपमध्येच असते, ती बंद करू नये. 'ॲप चालत नसेल तर प्ले प्रोटेक्ट बंद करा' असे कुणी सांगितले, तर तो माणूस आपले भले पाहत नाही हे नक्की समजावे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही बॉट, म्हणजे आपला संगणक नकळत चोराच्या कामाला जुंपणारे मालवेअर, काढून टाकणारी मोफत साधने मिळतात.

'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहेत' असा संदेश सारखा येतो. तो खरा असतो का?

ब्राउझरमध्ये एखाद्या पानावर असा संदेश आला तर तो खोटाच असतो, कारण संकेतस्थळाला आपला फोन आतून तपासता येत नाही. असे संदेश सतत येत असतील, तर बहुतेक वेळा कारण साधे असते. बातम्या किंवा क्रिकेटचा धावफलक पाहताना एखाद्या संकेतस्थळाने 'सूचना पाठवू का?' असे विचारलेले असते आणि घाईत 'अलाउ' दाबले गेलेले असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स या सदरात परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी असते. माझ्या मावशीच्या फोनमध्ये ती एकेचाळीस नावांची निघाली. सगळी काढल्यावर 'व्हायरस' त्याच मिनिटाला थांबले, आणि त्यासाठी तिने एका दुकानात पैसे भरून घेतलेले 'क्लीनर' ॲपही काढून टाकता आले.

संगणकावर कधीकधी पूर्ण पडदा व्यापून, भोंगा वाजवत 'या क्रमांकावर मायक्रोसॉफ्टला फोन करा' अशी पाटी येते. घाबरून जाऊ नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा.

सारखे अपडेट येतात. ते टाळले तर काय होते?

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या, मालवेअरने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक बंद पाडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या त्रुटीतून ते शिरले, तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, दिलेला होता. तो लावण्याचे राहून गेलेले संगणक बळी पडले. पुढच्याच महिन्यात, जूनच्या २७ तारखेला, नॉटपेट्या नावाचे दुसरे मालवेअर आले. त्याचा तडाखा थेट आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलला बसला आणि कंटेनर हलवण्याचे काम ठप्प झाले. युक्रेनमध्ये सुरू झालेला हल्ला न्हावाशेव्याला पोहोचायला वेळ लागला नाही.

म्हणून 'नंतर आठवण करा' हे बटण दाबण्याची सवय सोडावी. फोन रात्री चार्जिंगला लावताना अपडेट सुरू केला की सकाळी तयार असतो. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यापुढची सुरक्षा-अद्यतने हवी असतील, तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव मुदतीच्या योजनेत नाव नोंदवावे, विंडोज ११ वर जावे, किंवा संगणक जुना असेल तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या फुकट प्रणालीचा विचार करावा. विंडोज ७ वर अजूनही बँकेचे व्यवहार करणारी दुकाने मला दिसतात. त्या विंडोजचा पाठिंबा जानेवारी २०२० मध्येच संपला, आणि त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत असे मी कळकळीने सांगतो. नवा फोन घेताना कॅमेऱ्याइतकीच चौकशी तो किती वर्षे सुरक्षा-अद्यतने देणार याची करावी.

क्रॅक केलेले, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडून फुकट वाटलेले, सॉफ्टवेअर वापरण्यात एवढा धोका काय आहे?

डीटीपीचे काम करणारे, लग्नाचे अल्बम जुळवणारे आणि शिकाऊ विद्यार्थी हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारतात, कारण मूळ सॉफ्टवेअर महाग आहे आणि कमाई तुटपुंजी. त्यांची अडचण मला समजते. पण क्रॅक बसवण्याची पद्धत पाहा : पहिलीच सूचना असते 'अँटिव्हायरस बंद करा', आणि दुसरी 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा'. अनोळखी माणसाला घराच्या सगळ्या किल्ल्या देऊन राखणदाराला सुट्टी देण्यासारखेच हे आहे. 'स्टॉप' किंवा 'डिजेव्हीयू' या नावाने ओळखले जाणारे खंडणीखोर मालवेअर प्रामुख्याने अशा क्रॅकमधूनच पसरले आणि त्याने छोट्या व्यावसायिकांची वर्षानुवर्षांची कामे कुलूपबंद केली. फोटोसाठी गिम्प, रेखांकनासाठी इंकस्केप, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस आणि कार्यालयीन कामासाठी लिब्रेऑफिस ही सगळी फुकट आणि कायदेशीर आहेत. हात बसायला महिनाभर लागतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावला आणि सगळे फोल्डर 'शॉर्टकट' झाले. फाइली गेल्या का?

बहुतेक वेळा गेलेल्या नसतात. हा मालवेअर मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. त्यावर दोनदा क्लिक केले की फोल्डर उघडल्यासारखा दिसतो आणि मागे मालवेअरही चालू होते. त्यामुळे काहीही उघडून पाहू नये. आधी अँटिव्हायरसने संपूर्ण पेन ड्राइव्ह तपासावा, मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करावा, मूळ फोल्डर दिसले की त्यांची प्रत काढावी आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा. फाइलच्या नावाचा शेवटचा भाग दाखवण्याचा पर्यायही तिथेच असतो, तो कायम चालू ठेवावा. 'बिल.पीडीएफ' असे दिसणारी फाइल प्रत्यक्षात 'बिल.पीडीएफ.ईएक्सई', म्हणजे कागदपत्र नसून चालणारा प्रोग्राम आहे, हे तेव्हाच कळते. छपाईपुरती कागदपत्रे न्यायची असतील, तर त्यासाठी वेगळा लहान पेन ड्राइव्ह ठेवावा आणि त्यात दुसरे काही ठेवू नये.

संगणकातल्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि पैसे मागत आहेत. द्यावेत का?

देऊ नयेत, असे मी सांगेन. पैसे देऊनही फाइली परत मिळतील याची हमी नसते आणि पैसे देणारा म्हणून आपले नाव चोरांच्या वहीत जाते. संगणक लगेच नेटवर्कपासून तोडावा, खंडणीच्या चिठ्ठीचा फोटो काढावा आणि कुलूपबंद फाइली पुसून टाकू नयेत. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज किल्ली नसेल तर काही महिन्यांनी येऊही शकते.

खरा उपाय आधीचा असतो, तो म्हणजे बॅकअप. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर, असा जुना आणि चांगला नियम आहे. घरगुती वापरात याचा अर्थ असा : एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. ती कायम जोडलेली राहिली, तर मालवेअर तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करते. आणि वर्षातून एकदा तरी त्या प्रतीतली फाइल उघडून पाहावी. एका छायाचित्रकाराकडे चार वर्षांचा बॅकअप होता आणि गरज पडली तेव्हा डिस्क कोरी निघाली. ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी विसरलेलो नाही.

पासवर्ड कसा असावा, आणि इतके सगळे लक्षात कसे ठेवावेत?

मुलांची नावे, जन्मसाल, गाडीचा क्रमांक, गावाचे किंवा कुलदैवताचे नाव आणि पुढे १२३, हे आपल्याकडचे नेहमीचे पासवर्ड आहेत आणि ते चोरांनाही ठाऊक आहेत. लांबीला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, उदाहरणार्थ तांब्या, पाऊस, एकोणीस, घोंगडी, तर लक्षात राहणारा आणि तोडायला अवघड पासवर्ड तयार होतो. हेच शब्द मात्र घेऊ नयेत, ते आता छापले गेले आहेत.

प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड का, असे विचारले जाते. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून पासवर्ड फुटला, की चोर तोच ईमेलवर लावून पाहतात, आणि ईमेल हाती आला की 'पासवर्ड विसरलो' म्हणून बाकी सगळी खाती उघडता येतात. म्हणून निदान ईमेल आणि बँक यांचे पासवर्ड इतर कुठेही वापरू नयेत. बाकीच्यांसाठी बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड जपून ठेवणारे ॲप, किंवा फोनमधलीच सोय वापरावी. ज्येष्ठांनी वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवले तरी माझी हरकत नाही, कारण हॅकर कपाट उघडायला येत नाही. फोनच्या कव्हरमध्ये एटीएमचा पिन लिहिलेली चिठ्ठी ठेवणे मात्र आजच बंद करावे.

व्हॉट्सॲप आणि ईमेल खाते ताब्यात जाऊ नये म्हणून काय करावे?

दुहेरी पडताळणी चालू करावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट या भागात 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' असते. तिथे आपण सहा अंकी पिन ठरवला, की चोराला ओटीपी मिळाला तरी आपल्या क्रमांकाचे व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर सुरू होत नाही. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी संगणक जोडलेला नाही ना, हेही पाहावे. गुगल खात्याला अशीच पडताळणी लावावी आणि तिचे राखीव कोड कागदावर लिहून ठेवावेत.

आणखी एक डाव आहे. 'कुरिअर आले आहे, पत्ता सापडत नाही, हा क्रमांक डायल करा' असे सांगून तारांकनाने सुरू होणारा एक कोड डायल करायला लावतात. त्याने आपले कॉल चोराच्या क्रमांकाकडे वळतात आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपी त्याला ऐकू जातो. *#२१# डायल केल्यावर कॉल कुठे वळवलेले आहेत का ते दिसते, आणि ##००२# डायल केल्यावर सगळी वळणे रद्द होतात.

बँकेचा, पोलिसांचा किंवा कंपनीचा फोन खरा आहे हे कसे ओळखावे?

ओळखण्याच्या भानगडीत पडूच नये. फोन ठेवावा आणि आपल्याकडे असलेल्या अधिकृत क्रमांकावर आपण उलट फोन करावा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी ॲप स्वतः चांगली आहेत, पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ती घेतली तर आपला पडदा त्याला दिसू लागतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यांवर नेली आहेत, त्यामुळे पत्त्याचा शेवट तपासणे आता सोपे झाले आहे.

पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेरा बंद करू नका' असे धमकावण्याचे प्रकार शिकल्या-सवरल्या माणसांबाबत घडले आहेत. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. कॅमेरा बंद करावा, फोन कापावा आणि लगेच घरातल्या कुणाला तरी सांगावे. एकटे पाडणे हेच त्या चोरांचे मुख्य हत्यार असते.

सार्वजनिक वायफाय आणि स्टेशनवरचे चार्जिंग धोकादायक आहे का?

थोडेफार, पण त्याचा बाऊ फार झाला आहे. बँकेचे व्यवहार आपल्या मोबाइल डेटावर करावेत, चार्जिंगला स्वतःचा चार्जर विजेच्या सॉकेटमध्ये लावावा आणि फोनने 'फाइल पाठवू द्यायच्या का' असे विचारले तर नाही म्हणावे. एवढे पुरे.

फोन हरवला किंवा चोरीला गेला तर?

आधी सिम बंद करून घ्यावे, कारण ओटीपी त्यावर येतात. मग बँकेला कळवून यूपीआय थांबवावे. पोलिसांत तक्रार देऊन त्या तक्रारीच्या आधारे केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, ब्लॉक करता येतो. हा क्रमांक *#०६# डायल केल्यावर दिसतो, तो आजच लिहून ठेवावा. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हेही त्याच पोर्टलवर कळते. एकदा पाहून घ्यावे, अनोळखी क्रमांक निघाल्यास तिथेच कळवता येते.

पैसे गेले. आता तक्रार करून काही उपयोग आहे का?

आहे, आणि तो किती हे जवळजवळ पूर्णपणे वेळेवर अवलंबून आहे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे झपाट्याने फिरवले जातात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात. १९३० वर फोन केल्यावर ती माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि वाटेत असलेले पैसे गोठवता येतात. फोन करताना खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवावी. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही लेखी कळवून पोच घ्यावी. संदेश, स्क्रीनशॉट आणि त्या चोराशी झालेले बोलणे संतापाच्या भरात पुसून टाकू नये.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिलेले तत्त्व असे, की चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही, आणि चार ते सात दिवसांत कळवल्यास तो मर्यादित राहतो. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर गेलेल्या रकमेची जबाबदारी बँकेची. म्हणजे चूक आपली असली तरीही लगेच कळवण्यात फायदाच आहे.

मला सर्वांत जास्त दुःख होते ते इथे. लोक तीन-तीन दिवस कुणाला सांगत नाहीत. मुले रागावतील, सून काय म्हणेल, शेजारी हसतील, या धास्तीने वेळ निघून जातो. वर सांगितलेल्या काकांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकूंनाही सांगितले नव्हते. फसवणारे दिवसभर हाच उद्योग करतात. त्यांच्यापुढे एखाद्या क्षणी कुणीही चुकू शकतो, आणि चुकलेल्या माणसाला घरच्यांनी बोल लावला, तर पुढच्या वेळी तो अजिबात सांगणार नाही.

मी पुण्याबाहेर, किंवा परदेशात असतो. गावी एकट्या असणाऱ्या आईवडिलांच्या फोनवर काय करून ठेवू?

पुढच्या भेटीत एक संध्याकाळ त्यासाठी काढावी आणि फोन त्यांच्याच हातात ठेवून त्यांच्याकडूनच सगळे करून घ्यावे. अज्ञात ॲपच्या परवानग्या बंद, प्ले प्रोटेक्ट चालू, व्हॉट्सॲपला पिन, क्रोमच्या सूचना साफ, न वापरलेली ॲप काढलेली. यूपीआयला रोजच्या खर्चापुरते छोटे खाते जोडावे, आणि मुदत ठेवी व पेन्शनचे मोठे खाते यूपीआयपासून दूर ठेवावे. बँकेच्या ॲपमध्ये दिवसाच्या व्यवहाराची मर्यादा कमी करता येते, ती त्यांच्या संमतीने करावी. घरातल्या माणसांत एक परवलीचा शब्द ठरवावा. 'बाबा, अपघात झालाय, पैसे पाठवा' असा हुबेहूब मुलाच्या आवाजातला फोन आता बनवता येतो, तेव्हा तो शब्द विचारायचा.

माझ्या आईच्या फोनच्या मागे मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत १९३०, बँकेचा क्रमांक आणि माझा क्रमांक आहे, आणि खाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : 'आधी फोन ठेवायचा, मग विचारायचे.'